उजव्या बाजूने रोजचं स्फुट लिहायचं तर

साताऱ्यात बसून राजकारणावर रोज तीनशे शब्द लिहायचे, तेही उजव्या विचाराचे, तर पहिली सवय रात्रीचा टीव्ही बंद ठेवण्याची लावा. नऊची चर्चा ऐकून सकाळी लिहिलेलं स्फुट म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं. त्यापेक्षा पोवई नाक्यावरून तीन पेपर घ्या. त्यातला एक आपल्या विचाराच्या विरोधातला हवा, आणि तोच आधी वाचायचा. माझा पिंड टिळकांचा, तरी आगरकर नीट वाचल्याशिवाय मी कुणा नव्या पोराला लिहायला बसवत नाही. आगरकर आपल्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या टेंभूचे. 1881 साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक तेच. 1887 मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मतभेद असावेत तर असे, पुरत्या तयारीचे.

तिन्ही पेपर शेजारी शेजारी पसरा. एकच वाक्य तिन्हीकडे जसंच्या तसं दिसलं की ओळखायचं, ही प्रेसनोट आहे. जिल्हा माहिती कार्यालयाची नाहीतर नेत्याच्या पीएची. प्रेसनोटवर मत ठोकू नका, तिच्यामागचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढा. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकली की मिळतो. मग पेन्सिल घेऊन ‘सूत्रांच्या माहितीनुसार’वाली वाक्यं खोडा. खाली काही शिल्लक राहिलं तर विषय घ्या. बहुतेकदा राहत नाही.

एक उदाहरण उलगडून दाखवतो. 18 ऑक्टोबर 2019, साताऱ्याची सभा. शरद पवार भर पावसात बोलले आणि तो फोटो देशभर गेला. 21 तारखेला लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान झालं आणि निकालात पवारांच्या राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी भाजपमध्ये गेलेल्या उदयनराजेंना 87,717 मतांनी पाडलं. पावसाने निवडणूक फिरवली, हाच सूर सगळीकडे. आमच्या बाजूचेही ‘सहानुभूती, दुसरं काय’ म्हणून मोकळे झाले.

आता निवडणूक आयोगाचे आकडे समोर ठेवा. त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या निकालात, राष्ट्रवादीकडून लढताना, उदयनराजेंना 5,79,026 मतं होती आणि समोरच्या शिवसेनेच्या नरेंद्र पाटलांना 4,52,498. ऑक्टोबरात श्रीनिवास पाटलांना 6,36,620 पडली, तर भाजपकडून उभ्या राहिलेल्या उदयनराजेंना 5,48,903. म्हणजे हरूनसुद्धा भाजप-शिवसेना युतीची मतं 96 हजारांनी वाढली. राष्ट्रवादीची वाढली 57 हजारांनी. विधानसभेचं मतदान त्याच दिवशी होतं, हेही ध्यानात घ्यायचं. पावसाने किती मतं हलवली, हे यातून निघत नाही. निघत नाही म्हणून ते लिहायचं नाही, ना बाजूने ना विरोधात. लिहायचं ते एवढंच: राजे आले की त्यांच्या मागे राष्ट्रवादीची सगळी मतं चालत येतील, हा आमच्या मंडळींचा हिशेब साफ चुकला. स्फुट इथे संपलं. तीनशे शब्द होतात.

खरी परीक्षा आपला माणूस जिंकतो तेव्हा. 2024 च्या लोकसभेला उदयनराजे भाजपच्या चिन्हावर 32,771 मतांनी निवडून आले. गुलाल उधळला, पेढे वाटले, सगळं रास्त. पण समोर शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ‘तुतारी फुंकणारा माणूस’ घेऊन उभे होते आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या पिपाणी चिन्हावरच्या एका अपक्षाला 37 हजारांहून जास्त मतं पडली. ती सगळीच चुकून पडली असं म्हणणं ही उगाच मारलेली उडी. तरी विजयाचं वर्णन करताना हे वाक्य गाळलंत, तर उद्या समोरच्या पेपराने काय गाळलं हे कुठल्या तोंडाने दाखवणार?

लाडक्या बहिणीचंही तेच. महिना 1,500 रुपये, 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटींची तरतूद. ही योजना काँग्रेसच्या सरकारने आणली असती तर आपण काय लिहिलं असतं, ते आधी कागदावर उतरवा. मग फक्त सरकारचं नाव बदला आणि छापायला द्या. मंडळी चिडतात. चिडू द्या.

माध्यमांवर लिहिताना ‘विकलेला मीडिया’ हे शब्द वर्ज्य. कुठला पेपर, कुठली तारीख, कितवं पान, काय वगळलं ते सांगा. निवडणुकीत एकाच उमेदवाराचं कौतुक दोन पेपरांत सारख्याच शब्दांत आणि बातमीदाराच्या नावाशिवाय आलं, तर कात्रणं काढा. ती जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे द्या, पोच घ्या, मग लिहा. आणि एक्झिट पोल आपल्याला गोड लागला तरी त्यावर लिहू नका. 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेकांनी एनडीएला 350 जागांच्या वर नेलं होतं, प्रत्यक्षात आल्या 293. एरवी ज्या चॅनलांना शिव्या घालायच्या, त्यांचेच आकडे त्या रात्री आमच्या लोकांना प्रमाण वाटले.

साताऱ्यापुरतं एक पथ्य: छत्रपतींच्या गादीला मुजरा, खासदाराला आणि मंत्र्याला प्रश्न. दोन्ही एकाच स्फुटात बसतात. ‘राजे’ लिहा, ‘आपण’ लिहा, आणि रस्त्याच्या कामाची निविदा कधी निघाली तेही विचारा. टोपणनावं, मिश्या, कॉलर यांवरचे विनोद सोशल मीडियावाल्यांसाठी सोडून द्या.

उसावर मात्र जपून. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा, आणि 14 दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन. कोरेगाव-कराडचा शेतकरी कारखान्याची पावती शेजारी घेऊन तुमचा हिशेब तपासतो. तिथे ‘शेतकरीहिताचं सरकार’ वगैरे चालत नाही, शंभर रुपयेही इकडचे तिकडे चालत नाहीत.

छापून आलं की दहाच्या सुमारास तालुकाध्यक्षांचा फोन येणारच. ‘अहो, आपलेच ना तुम्ही?’ भांडू नका. कुठलं वाक्य चुकीचं आहे तेवढं विचारा, आणि त्यांनी ते दाखवून दिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती द्या. वाक्य सांगता आलं नाही, तर चहाला बोलवा. पुढच्या चार स्फुटांचा मालमसाला तिथेच मिळतो.