मेल सर्व्हर: आधी पोर्ट, मग पद्धत, ओएस सगळ्यात शेवटी

सियागंजातली पेढी असो की इंदुरातलं एखादं मराठी मंडळ, दहा-पंधरा मेलबॉक्स स्वतःच्या डोमेनवर चालवायचे म्हटलं की पहिला वाद ‘उबुंटू की डेबियन’, म्हणजे लिनक्सची कुठली ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस), यावरच रंगतो. तो तूर्त बाजूला ठेवा.

१. पोर्ट २५ तपासा. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल याच पोर्टवरून जाते. घरगुती ब्रॉडबँडवर ते बहुधा बंदच असतं. बऱ्याच क्लाउड कंपन्याही अर्ज केल्याशिवाय उघडत नाहीत. आयपीसाठी पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) लावून मिळेल का, तेही विचारून घ्या. नकार आला तर ऑफिसातला पीसी कितीही दणकट असला तरी कामाचा नाही. सरळ व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) बघा.

२. पद्धत ठरवा. सोर्सवरून कंपाइल करण्याची (मूळ कोडवरून प्रोग्रॅम स्वतः बांधण्याची) हौस असेल तर ती दुसरीकडे भागवा; इथे प्रत्येक सिक्युरिटी अपडेट हातानं करत बसावं लागेल. वेबमेल, स्पॅम फिल्टर सगळं आयतं हवं असेल तर मेलकाऊ, आयरेडमेल किंवा मेल-इन-अ-बॉक्स यांपैकी एखादा तयार संच घ्या. मेलकाऊ डॉकरवर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) चालतं, त्याला किमान ६ जीबी रॅम लागते. बाकी दोघांना कोरी मशीन हवी. पेढीचं बिलिंग चालतं त्या सर्व्हरवर ते टाकू नका.

३. आता ओएस. मेल-इन-अ-बॉक्सला उबुंटूची ठरावीक एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्तीच लागते, म्हणजे प्रश्नच मिटला. सेंटओएस ७ (हीही एक लिनक्स ओएस) कुणी स्वस्तात लावून देत असेल तर नको म्हणा, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. तिच्या जागी वापरल्या जाणाऱ्या रॉकी आणि अल्मा यांना दहा वर्षं अपडेट मिळतात. तयार संच नको, ओएसच्याच पॅकेजवरून पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) टाकायचं असेल तर माझं मत डेबियनला.

४. इन्स्टॉल करा. आधी होस्टनेम (मशीनचं नाव) पूर्ण लिहा, डोमेनसकट. एपीटीनं (डेबियनचं पॅकेज टाकायचं साधन) पोस्टफिक्स टाकताना निळ्या पडद्यावर प्रश्न येतो, तिथे ‘इंटरनेट साइट’ निवडा. पुढच्या ‘सिस्टिम मेल नेम’मध्ये नुसतं डोमेन टाका, होस्टनेम नव्हे.

डेबियन १३ मध्ये डोव्हकॉट २.४ आहे आणि त्याची कॉन्फिगरेशन २.३ शी जुळत नाही. नेटवरच्या जुन्या मार्गदर्शकातून चिकटवलेल्या ओळींनी सर्व्हिस सुरूच होत नाही. त्यामुळे लेख कुठल्या आवृत्तीचा आहे, ते आधी बघा.

शेवटी डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या (मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या) नोंदी करा, स्वतःच्या जीमेलवर एक मेल धाडा आणि तिचा मूळ मजकूर (‘शो ओरिजिनल’) उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसेपर्यंत पेढीतल्या कुणाला नवा पत्ता देऊ नका.