कोनफ्लॉवरचे लाड नकोत: या चुका टाळा

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात सगळ्यात आधी लावली ती कोनफ्लॉवरची तीन रोपं; मधे काटेरी बोंड आणि भोवती जांभळ्या पाकळ्या, असं हे फुलझाड. नर्सरीतल्या बाईंनी बजावलं होतं, फार काही करावं लागत नाही. पण आपल्याला राहवतं का? रोज पाणी, महिन्याला खत, आणि थंडी पडायच्या आत बुंध्याभोवती आच्छादनाचा ढीग, गोधडी पांघरावी तसा. एप्रिलमध्ये उकरून बघितलं तर हाताला काळा, बुळबुळीत गड्डा लागला. वास सडक्या बटाट्याचा.

मला वाटलं, थंडीनं गेली. पण हे झाड मुळात अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातल्या माळरानांवरचं. उणे ३० अंश सेल्सिअस ते मुकाट सोसतं. सोसवत नाही ते हिवाळाभर मुळाशी साचलेलं पाणी. आमच्याकडची माती चिकण. तुमची कशी आहे ते लावायच्या आधीच बघा: फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाभरात इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. नाही उतरलं, तर सहा-आठ इंच उंच वाफा करा. चिकण मातीत खड्डा खणून तेवढ्यातच विकतची भुसभुशीत माती भरायची, हे तर अजिबात करू नका. मी तेही केलंय. आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि रोप हौदात उभं राहतं.

आच्छादन दोन इंच पुरे, तेही बुंध्यापासून चार बोटं लांब. पहिल्या वर्षी आठवड्याला एकदा खोल पाणी द्या, पुढे फक्त कोरड पडली तर. खताचं म्हणाल तर वसंतात कंपोस्टचा पातळ थर, बस. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलांचे दांडे पहिल्याच पावसात आडवे होतात. सावलीतही तेच. सहा तास ऊन हवंच. माझी तुळस ऑक्टोबरमध्ये घरात आली की डेकजवळची उन्हाची जागा रिकामी दिसायची. शेवटी कोनफ्लॉवर तिथेच हलवले.

बियांपासून करणार असाल तर घाई नको. नोव्हेंबरात वाफ्यात टाकून वर पाव इंच माती भुरभुरवा, किंवा ओलसर कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा. थंडी खाल्लेलं बी नीट रुजतं. पहिल्या वर्षी बहुतेक पानंच येतील. आणि जुनं झाड एप्रिलमध्ये दिसत नाही म्हणून खोदू नका, ते उशिराच उठतं.

केशरी, पिवळ्या, गोंड्यासारख्या दुहेरी जाती मलाही मोहवतात. पण यातल्या बऱ्याच संकरित जाती दोन-तीन हिवाळ्यांत संपतात, आणि त्यांच्या बियांतून तेच फूल येईल असंही नाही. गच्च दुहेरी फुलांकडे मधमाश्याही फारशा फिरकत नाहीत. सुरुवात साध्या जांभळ्या कोनफ्लॉवरनं करावी, किंवा ‘मॅग्नस’नं. १९९८ साली ‘वर्षातलं बहुवर्षायू झाड’ हा मान याच जातीला मिळाला होता.

माझी सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या वर्षीची. एका झाडाला हिरवी फुलं आली. पाकळ्या हिरव्या, आणि मधल्या काटेरी बोंडातून बारक्या पानांचे झुबके. मी हरखून बागकामाच्या ग्रुपवर फोटो टाकला, नवीन जात निघाली म्हणून. लाइक्सचा पाऊस पडला. मग नाशिककडच्या एका काकांनी लिहिलं, “अहो, आमच्या वांग्याला पर्णगुच्छ येतो तसलं दिसतंय हे. उपटा आधी.”

काका बरोबर होते. याला इथे ‘ॲस्टर यलोज’ म्हणतात. वांग्याच्या पर्णगुच्छासारखाच हाही फायटोप्लाझ्माचा, म्हणजे झाडाच्या आत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंचा रोग, आणि पसरवतात तेही तुडतुडेच. औषध नाही. कोणतीही फवारणी झाड बरं करत नाही. कात्रीनं किंवा बियांतून हा रोग जात नाही, पण झाड उभं ठेवलं तर तुडतुडे तिथून रस पिऊन शेजारच्या झेंडूवर बसतात. मी आठवडाभर बघत बसलो आणि आणखी दोन झाडं गमावली. मुळासकट उपटायचं.

मात्र उपटण्याआधी एक बघा. फक्त बोंडावर आखूड, झिपरे झुबके असतील आणि पानं, बाकीची फुलं ठणठणीत असतील, तर ते सूक्ष्म कोळी (माइट) या बारीक किडीचं काम असू शकतं. तेवढी फुलं कापून कचऱ्यात टाका, झाड राहू द्या.

पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका. रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, वारा खेळू द्या. जुलैतले जपानी भुंगेरे मात्र पाकळ्यांची चाळण करतात. ही आपल्या हुमणीचीच भावकी, अळ्या लॉनच्या मुळांशी वाढतात. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले १९१६ साली, आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत! सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाका. वासाचे सापळे लावू नका, शेजाऱ्यांचेही भुंगेरे तुमच्याकडे जेवायला येतील.

शेवटची चूक दसऱ्याच्या सुमाराची: सुकलेले दांडे दिसले की साफसफाईचा हात शिवशिवतो. उन्हाळ्यात सुकलेली फुलं खुडा, नवीन येतील. पण सप्टेंबरनंतरची बोंडं राहू द्या. गोल्डफिंच, म्हणजे १९३५ पासूनचा न्यू जर्सीचा राज्यपक्षी, त्यांवर उलटासुलटा लटकून बिया उपसतो. दांडे मार्चमध्ये कापायचे. तोवर शेजारच्यांनी “बाग आवरायची राहिली का?” विचारलं, तर पक्ष्याकडे बोट दाखवायचं.