घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर लग्नाच्या डिस्कची कॉपी कशी काढायची

आमच्या इकडं २००५ ते २०१२ च्या मधात लग्न झालेल्या प्रत्येकाच्या घरी कपाटात एक तरी डिस्क पडून आहे, आणि आता ती अटकून राहिली की लोक विचारतात, "भाऊ, याची दुसरी काढून देता का?" ज्यांच्याकडं हार्डडिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर अजून चालू आहे, म्हणजे टीव्हीखाली ठेवतात ते रेकॉर्डिंगवालं मशीन, साधा प्लेअर नाही, त्यांनी हे काम घरीच करावं. मशीन बरेचदा बाहेरून कोणीतरी आणलेलं असते म्हणून पहिले सेटिंगमधे जाऊन पाहा की सिस्टीम पाल आहे की एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती. आपल्या लग्नाच्या डिस्का पाल असतात. मशीन एनटीएससीवर असलं तर चित्र काळंपांढरं येईल नाहीतर खालीवर पळत राहील, आणि माणूस उगाच केबल बदलत बसते.

डिस्क कोणती आहे तेही पाहून घ्या. जुन्या लग्नाच्या दोन-तीन डिस्का असल्या तर त्या बहुतेक व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर उतरवलेला व्हिडिओ असतात, एकीत सव्वा तासाच्या आसपासच मावते. व्हीसीडी रेकॉर्डरवर वाजली तरी ती आतल्या आत कॉपी होईलच असं नाही, तिला वेगळा प्लेअर आणि केबल लागते. डीव्हीडी असली तर काम सोपं.

डिस्क पुसताना गोल गोल पुसू नका. मऊ सुती कपडा घ्या, जुनी बनियन चालते, आणि मधातल्या छिद्रापासून बाहेरच्या कडेकडं सरळ ओढा. गोल चरा पडला तर तो डेटाच्या रेषेच्या सोबत सोबत जातो, मशीनला तेवढा अख्खा भाग वाचता येत नाही, आडवा चरा त्यामानानं निभावून जातो. कापूस घरात भरलेला असल्यावर तर मशीनचा ट्रे उगाच उघडा ठेवूच नका, ते बारीक तंतू लेन्सवर जाऊन बसतात.

आता कॉपी. घरगुती रेकॉर्डरमधे डिस्कचा ड्राइव्ह एकच असतो म्हणून माल पहिले हार्डडिस्कवर घ्यायचा आणि तिथून कोऱ्या डिस्कवर उतरवायचा. मेनूमधे कॉपी किंवा डबिंग असं काहीतरी लिहिलेलं असते, तिथं दिशा डीव्हीडीकडून एचडीडीकडं, म्हणजे हार्डडिस्ककडं, अशी निवडा. स्टुडिओवाल्यानं फायनलाइज करून, म्हणजे लिहून बंद करून, दिलेली डिस्क बऱ्याच मशीन फास्ट घेत नाहीत, जितक्या तासाची फिल्म तितका वेळ लागते, तर लावून द्या आणि वावरात चक्कर मारून या. मशीन घेतच नसेल तर दुसरा प्लेअर जोडा. पिवळी, पांढरी, लाल पिन प्लेअरच्या आउटमधून रेकॉर्डरच्या इनमधे, आउटमधून आउटमधे नाही, इथंच बहुतेकांचं अडते. मग रिमोटनं इनपुट एल१ किंवा एव्ही करा आणि प्लेअरच्या मेनूचं चित्र टीव्हीवर दिसलं की मगच रेकॉर्ड दाबा.

रेकॉर्डच्या आधी दोन सेटिंग पाहायच्या. एक म्हणजे हायस्पीड कॉपीसाठी रेकॉर्ड करा अशा अर्थाचं काहीतरी असते, ते ऑन करा. ऑफ ठेवलं तर पुढं हार्डडिस्कवरून डिस्कवर उतरवताना मशीन सगळं परत नव्यानं दाबून, म्हणजे डेटा कमी करून, लिहिते, वेळ जाते आणि चित्रही उतरते. दुसरं मोड, म्हणजे चित्र किती दाबायचं ते. साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपीमधे १ तास, एसपीमधे २ तास, एलपीमधे ४ तास आणि ईपीमधे ६ तास मावते. लोक तीन तासाचं लग्न एकाच डिस्कवर पाहिजे म्हणून एलपी लावतात, माझं म्हणणं आहे की नका लावू. मंगलाष्टकं चालतात तोपर्यंत एलपीतही बरं दिसते, सगळे उभेच असतात ना, पण वरातीत पोट्टे नाचायला लागले, वरून हॅलोजनचा उजेड, की चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात आणि कोण आत्या आणि कोण मावशी काही समजत नाही. त्यापेक्षा एसपीवर दोन डिस्का करा, कोरी डिस्क काही सोन्याची नाही. फिल्म दोन तासाच्या जराशीच वर असली तर काही मशीनमधे एफआर मोड असते, ते डिस्कमधे बरोबर बसेल तेवढंच दाबते, ते चांगलं.

कोरी डिस्क डीव्हीडी-आर घ्या, जुन्या प्लेअरवर तीच जास्त चालते. हार्डडिस्कवर आलेल्यातला काळा भाग कापायचा असला तर दोन्हीकडं एखाद सेकंद जास्त सोडा, कारण फास्ट कॉपीत कट बरोबर त्याच जागी बसत नाही, थोडा इकडंतिकडं सरकते. मग दिशा एचडीडीकडून डीव्हीडीकडं करा आणि हायस्पीड निवडा.

यानंतर फायनलाइज, आणि हेच लोक विसरतात. फायनलाइज म्हणजे डिस्कवर काय कुठं आहे त्याची यादी लिहून डिस्क बंद करणं. ते केल्याशिवाय तुमच्या मशीनवर मस्त वाजते आणि सोयऱ्याच्या घरी नो डिस्क दाखवते. मग फोन येते, "तुमची डिस्क काहून नाही लागून राहिली?" डीव्हीडी-आर एकदा फायनलाइज झाली की तिच्यात काही टाकता येत नाही, म्हणून जे टाकायचं ते आधीच टाका. आणि हे चालू असताना लाइन गेली तर डिस्क गेली समजा. आपल्याकडच्या लाइनीचं तर तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर ज्या वेळी गावात लाइन हमखास राहते ती वेळ पकडा, आणि आभाळ गडगडून राहिलं असेल तर हात लावूच नका.

झाल्यावर डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहा, आणि सुरुवात पाहून खुश होऊ नका, पाठवणी पाहा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, लग्नाची पाठवणी शेवटी असते, म्हणजे ती येते बाहेरच्या कडेला, आणि खराब लिहिलेली डिस्क तिथंच अटकते. नवरी गाडीत बसेपर्यंत नीट चाललं तर कॉपी पक्की.

विकत आणलेल्या सिनेमाच्या डिस्कवर हे चालणार नाही, त्यात कॉपी रोखायची सोय असते आणि मशीन सरळ नाही म्हणते. ते लॉक तोडायच्या भानगडीत पडू नका, २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात त्यासाठी ६५ए हे वेगळं कलम आहे. झाडीपट्टीच्या नाटकाची डिस्क असली तर मंडळाला विचारून घ्या. आपलं लग्न, बारसं, गावातलं भजन, एवढ्यापुरतं हे सगळं.

नाव सीडी मार्करनंच लिहा, स्टिकर चिकटवू नका, उन्हात एका कडेनं उखडते आणि प्लेअरमधे अटकते. टिनाच्या खाली मे महिन्यात डिस्का ठेवू नका, कपाटाच्या खालच्या खणात उभ्या ठेवा. आणि कोणाकडं डीव्हीडी ड्राइव्हवालं कॉम्प्युटर असेल तर व्हिडिओ_टीएस हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, त्यातल्या फाइली १ जीबीच्या आत तुकड्यातुकड्यात असतात म्हणून फॅट३२ या जुन्या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवरही बसतात, कॉम्प्युटरच्या व्हीएलसी प्लेअरमधे चालतात. मोबाइलवर पाठवायचं तर हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात एमपी४ करा आणि डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर नाचणाऱ्याच्या हातापायाला फणीसारख्या रेघा दिसतात.