पडून राहिलेलं दोन इंजिनांचं विमान: इंजिन सगळ्यात शेवटी

वर्षानुवर्षं पडून असलेल्या विमानावरचं कव्हर काढलं की जमलेल्या सगळ्यांना एकच हवं असतं: एकदा इंजिन सुरू करून पाहू. मालकाला घाई असते, धावपट्टीच्या चौकीदाराला उत्सुकता असते, कुंपणापलीकडच्या वावरातून आलेले पोट्टे तर त्यासाठीच उभे असतात. त्यांना नाही म्हणा. प्रोपेलर हातानंसुद्धा फिरवू देऊ नका. जुन्या विमानाच्या दुरुस्तीत निम्मं यश एवढ्या एका नकारावर उभं आहे.

मी पिस्टन इंजिनांच्या विमानांचा परवानाधारक अभियंता. काम बहुतेक विदर्भातल्या छोट्या धावपट्ट्यांवर. पुढचं सगळं पार्टेनाव्हिया पी-६८सी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. हे लुईजी पास्काले यांनी आखलेलं इटालियन विमान. १९७० साली पहिल्यांदा उडालं. पंख वर, चाकं कायम बाहेर, आणि २०० अश्वशक्तीची दोन लायकमिंग आयओ-३६० इंजिनं. चाकं आत घेणारी यंत्रणाच नसल्यानं जुनं दोन इंजिनी विमान हाती घ्यायचं तर मी आधी हेच सुचवतो.

आता तो नकार कशासाठी, ते सांगतो. या लायकमिंगमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा प्रोपेलर फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलटाकीत, उतरतं आणि कॅम उघडा पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, आणि हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक. आत दव धरतं, कॅमच्या उंचवट्यांवर आणि त्यांना टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडावर गंज चढतो. असं इंजिन सुरू केलं की गंजाचे कण पॉलिश पेपरसारखे घासतात आणि पृष्ठभागाचे टवके निघू लागतात. हातानं फिरवल्यावर तेल वर पोचत नाही, उलट रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचा उरलासुरला थर पुसून काढतात. शिवाय प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते आणि प्रोपेलर माणसाला कापतो.

म्हणून विकणारा 'फक्त ४०० तास उडालंय' म्हणाला तर हुरळून जाऊ नका. या इंजिनाला दोन ओव्हरहॉलमध्ये (इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) साधारण २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते, असं कंपनीच सांगते. रोज उडणारं १५०० तासांचं इंजिन मला दहा वर्षं उभ्या असलेल्या ४०० तासांच्या इंजिनापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

पाना हातात घेण्याआधी कागद. लॉगबुक हा विमानाचा सातबारा. त्यात नोंद नाही म्हणजे ते काम झालंच नाही, असंच धरून चाला. सांगाड्याचं एक, इंजिनांची दोन, प्रोपेलरची दोन, असा सगळा हिशेब मांडा आणि प्रत्येक डेटा प्लेटवरचा अनुक्रमांक स्वतः टॉर्च मारून जुळवा. मग एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे नियामकांनी काढलेले सक्तीचे सुरक्षा आदेश. इंजिन आणि प्रोपेलर अमेरिकन, सांगाडा इटालियन, त्यामुळे दोन्हीकडच्या यादी काढाव्या लागतात. तेलपंपाची जुन्या धातूची चाकं बदललीत का, इंजेक्टरच्या बारीक नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प ठरावीक तासांनी तपासलेत का, प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का आणि त्यानंतर क्रँकशाफ्टच्या मागचं गिअर उघडून पाहिलं का, हे तीन प्रश्न आधी. भारतात हे काम परवानाधारक अभियंता आणि मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच होतं, आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांप्रमाणे एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (उड्डाणयोग्यतेचा दाखला) मिळाल्याशिवाय विमान नेहमीच्या उड्डाणाला लागत नाही. मालकानं हा खर्च पहिल्या दिवशीच धरावा.

मग पॅनल उघडा, सगळे. हातमोजे आणि मास्क घालूनच. शेतालगतच्या हँगरमध्ये उंदीर कापसाची बोंडं ओढून थेट पंखात नेतात आणि तिथं घर करतात. घरटं काढणं सोपं. त्याखालचा मुताचा डाग ही खरी काळजी, कारण तो ॲल्युमिनियम खातो. शेपटाकडच्या पोकळीत हात घालण्याआधी उजेड टाका, काठीनं चाचपा; साप निघतो, राजेहो, ही कल्पना नव्हे. कुंभारीण माशी वेग मोजायला समोरची हवा घेणाऱ्या पिटॉट नळीत आणि इंधन टाकीच्या हवानळीत मातीचं घर बांधते. पिटॉट साफ करताना त्यामागची नळी आधी सोडवा. उपकरणं जोडलेली असताना फुंकर मारली तर वेगमापक कायमचा जाऊ शकतो.

ॲल्युमिनियमच्या गंजाला लाल रंग नसतो. पांढरी भुकटी, रंगाखाली उठलेले फोड, पत्र्याच्या कडेला सुटलेले पापुद्रे, रिव्हेटच्या मागे काळपट ओघळ, या खुणा ओळखायला शिका. लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमला लावू नका. लोखंडाचे कण आत रुततात आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. पंखाच्या मुख्य स्पारमध्ये (आतल्या मुख्य तुळईत) पापुद्रे दिसले तर काम तिथंच थांबवा आणि दुरुस्तीचा अंदाज काढा. बऱ्याचदा तेव्हा विमान सुट्या भागांसाठी विकणं शहाणपणाचं ठरतं. मालकाला हे स्पष्ट सांगावं लागतं, आणि सांगताना मलाही वाईट वाटतं.

कंट्रोल केबलवरून फडकं फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं तार तुटलेली. ताण टेन्सिओमीटरनंच मोजा आणि मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्याशी जुळवा. तापल्यावर ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलपेक्षा जवळपास दुप्पट पसरतो, म्हणून जानेवारीत बरोबर असलेली केबल मे महिन्यात ताठ होते. आपल्या भागात हा तक्ता पाहणं टाळता येत नाही.

रबराचं फार बोलायला नको: होज, सील, टायर, इंधनाच्या गॅस्केट, सगळं नवीन. जुनं इंधन पूर्ण काढा, टाक्यांच्या तळाचं पाणी आणि गाळ पाहा, गाळण्या उघडा. मॅग्नेटो सोडवून कार्यशाळेत पाठवा. प्रोपेलरही तसंच; त्याला तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते. दोन इंजिनी विमानात तर त्यावर जीव टांगलेला असतो. इंजिन बंद पडलं की पाती वाऱ्याला समांतर वळली पाहिजेत. ती वळवायला हबमध्ये दाबलेली हवा किंवा नायट्रोजन आणि पात्यांवरची वजनं असतात. हबमधला दाब गळून गेला असेल तर बंद इंजिनाचा प्रोपेलर ब्रेकसारखा ओढत राहतो.

इंजिनात आता बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घाला. सिलिंडरच्या भिंती स्पार्क प्लगच्या भोकातून दिसतील, कॅम दिसणार नाही. त्यासाठी मी एखादा सिलिंडर काढून कॅम आणि टॅपेट डोळ्यांनीच पाहतो. वेळ जातो, मालक कुरकुरतो, तरी दोन्ही इंजिनांत हे करा. डाव्याची तब्येत पाहून उजव्याचा अंदाज बांधू नका.

सगळं मनासारखं झालं की नवं तेल भरा, सगळे स्पार्क प्लग काढा, मॅग्नेटो बंद, मिक्स्चर (इंधनाचा पुरवठा) बंद, आणि थांबत थांबत स्टार्टरवर फिरवा, तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावून सुरू करा. अर्ध्या मिनिटात दाब आला नाही तर बंद. इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्रेशन तपासा: सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडल्यावर दाब ७० च्या वर टिकला तर चांगलं, ६० च्या खाली गेलं तर हवा कुठून सुटते ते एक्झॉस्टला, इनटेकला आणि तेलाच्या नळीला कान लावून शोधा. नुसतं जमिनीवर दहा मिनिटं चालवून 'जिवंत ठेवायचं', हे मात्र नको. आतला ओलावा उडण्याइतकं तेल तापत नाही, उलट भर पडते.

पहिल्या उड्डाणासाठी पहाट निवडा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, पण ४५ अंशांत तिथली हवा ५००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. दोन इंजिनी छोट्या विमानाचं एक इंजिन गेलं तर ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. दुपारी वेगमापकावरची निळी रेघ (एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग) धरूनही ते जेमतेम चढेल, कदाचित चढणारही नाही. म्हणून टाकी अर्धी, विमानात फक्त वैमानिक, आणि धावपट्टीच्या डोक्यावरच चकरा.

परतल्यावर इंजिनांखाली कापड अंथरून त्यावर तेलाचे थेंब शोधा. पहिल्या दहा तासांत तेल बदला आणि गाळणीचा डबा कापून आतला कागद उलगडा. तो धुऊन त्यावर चुंबक फिरवा. चिकटणारे चमकते कण निघाले तर ते बहुधा कॅम किंवा टॅपेटचे. विमान परत हँगरमध्ये घ्या. काही निघालं नाही, तर पुढचं तेल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा. आणि दर वेळी गाळणी कापा.