भुताची मालिका तपासायची कशी? नंबरप्लेटपासून सुरू करा

बेळगावात, अनगोळात माझं गॅरेज आहे. रात्री शटर ओढलं की जेवताना एक भाग, असं दोन वर्षं चाललंय. अमेरिकन मालिका ‘सुपरनॅचरल’. भुतं मारत फिरणारे दोन भाऊ, १९६७ची काळी इम्पाला गाडी, डिकीत बंदुका आणि मीठ. १३ सप्टेंबर २००५ला सुरू झाली. १५ सीझन, ३२७ भाग. सगळं तपासत बसलात तर म्हातारे व्हाल. पहिला भाग घ्या, तेवढ्यावर हात बसतो.

एकदा नुसती गोष्ट बघून घ्या. दुसऱ्यांदा वही घ्या आणि गाडी दिसली की थांबवा. प्लेट वाचायची सवय आपल्याकडं पोरासोरांनाही असते: केए-२२ घरची, एमएच-०९ कोल्हापूरची, जीए आली की दारूची बाटली आणलीय का विचारायचं. इम्पालाची प्लेट आहे केएझेड २वाय५. केएझेड म्हणजे कॅन्सस, भावांचं मूळ राज्य. २ आणि ५ जोडा, २००५. मालिका सुरू झाली ते साल.

खोटी नावंही टिपा. पोलीस विचारतात तेव्हा थोरला डीन ‘टेड न्यूजंट’ म्हणून सांगतो; तो खराखुरा अमेरिकन रॉक गिटारवाला आहे.

तारीख आली की कॅलेंडर काढा. भावांची आई जळते ती रात्र २ नोव्हेंबर १९८३. मला त्यात काही दिसलं नव्हतं. कॅम्पातल्या एका ख्रिस्ती गिऱ्हाइकाला सहज विचारलो, तर म्हणाला, “अरे, त्या दिवशी आम्ही थडग्यांवर मेणबत्त्या लावतो की!” मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस तो.

भूत असतं का, हे तपासायचं नाही. त्यात रात्र जाईल. भुताला मीठ चालत नाही हा समज कुठून आला, एवढंच बघा. कॅथलिक चर्चमध्ये आशीर्वाद दिलेलं मीठ वापरतात. आमची आई अजून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकते. मीठ पास.

आता नकाशा. वडील वहीत ‘३५-१११’ असे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतात आणि धाकटा भाऊ सांगतो, हे कोलोरॅडोतलं ब्लॅकवॉटर रिज. फोनच्या नकाशात टाकून बघा. पश्चिमेसाठी १११च्या आधी उणे चिन्ह लावा. मी विसरलो आणि थेट चीनमध्ये पोचलो. चिन्ह लावल्यावर निघालं ॲरिझोना, तिथल्या प्रसिद्ध उल्काविवराच्या शेजारी.

भाचा म्हणाला, “मामा, मिनिटं लिहिली नसतील ओ, थोडं इकडंतिकडं होणारच.”

मग बेळगाव घेतलो. १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व. दशांश उडवून १५-७४ टाकलो, तर काणकोणच्या समुद्राकडं गेलं, शंभरेक किलोमीटर लांब. म्हणजे पोराचं अर्धं बरोबर. पण कोलोरॅडोची दक्षिण हद्दच ३७ अंशावर आहे. ३५च्या पुढं कितीही मिनिटं लावली तरी ३६ गाठत नाहीत, ३७ तर लांबच. चूक लेखकांची. वहीत लाल शाईनं लिहून ठेवलोय.