फिशिंग रॉडवरील डेकलसाठी घरचा प्रिंटर कसा निवडावा

स्वतः बांधलेल्या फिशिंग रॉडवर नाव, रॉडची लांबी, तिला चालणाऱ्या दोरीची ताकद आणि एखादे चिन्ह उमटवायचे असेल, तर बहुतेक हौशी कारागीर वॉटरस्लाइड डेकल वापरतात. या कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर असतो, त्यावर अतिशय पातळ पारदर्शक किंवा पांढरी फिल्म असते आणि छपाई त्या फिल्मवर होते. कागद पाण्यात भिजवला की डिंक सुटतो, फिल्म हलकेच सरकवून हँडलच्या पुढे ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ नळीसारख्या काठीवर, बसवता येते आणि वर इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेचा, थर चढला की ती कायमची बंदिस्त होते. प्रिंटर निवडताना हे सगळे टप्पे लक्षात ठेवावे लागतात. दुकानात प्रिंटरची तुलना मिनिटाला किती पाने आणि पानामागे किती खर्च यांवर होते. डेकलच्या कामात या दोन्ही गोष्टींना जवळपास काहीच महत्त्व नाही. वर्षभरात मोजकेच कागद छापले जाणार असतात, पण त्यावरील प्रत्येक अक्षर हातभर अंतरावरून वर्षानुवर्षे पाहिले जाणार असते.

म्हणून पहिला प्रश्न प्रिंटरचा नसून ब्लँकच्या रंगाचा आहे. घरगुती प्रिंटर, मग तो शाईचा असो वा टोनरचा, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा हे रंग वापरतो; पांढरा रंग त्याच्याकडे नसतो, तो कागदाचा पांढरेपणाच पांढरा म्हणून दाखवतो. शिवाय पहिले तीन रंग पारदर्शक असतात. पारदर्शक फिल्मवर छापलेले लाल नाव पांढऱ्या आधारकागदावर झगझगीत दिसते आणि काळ्या ग्रॅफाइट ब्लँकवर बसवले की जवळजवळ नाहीसे होते. पिवळ्याचे तर नावनिशाणही उरत नाही. महागडा रंगीत प्रिंटर घेतला म्हणून यात फरक पडत नाही. ब्लँक फिकट रंगाचा असेल, किंवा डेकलखाली फिकट रंगाचा पट्टा येणार असेल, तर साधी काळी छपाई उत्तम दिसते. ब्लँक गडद असेल तर पांढऱ्या किंवा धातूसारख्या अक्षरांची वाट शोधावी लागते आणि तिचा विचार प्रिंटर घेण्याआधीच झालेला बरा.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याला वर्षात मोजक्या रॉड बांधायच्या आहेत त्याने खऱ्या १२०० डीपीआयचा (म्हणजे एका इंचात १२०० ठिपके छापणारा), हाताने एकेक कागद सरकवण्याची सोय असलेला, साधा काळा लेझर प्रिंटर घ्यावा. टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची भुकटी. प्रिंटरमधील तापलेला रूळ, म्हणजे फ्यूझर, ती वितळवून फिल्मवर चिकटवतो. एकदा चिकटलेल्या टोनरवर पाण्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे डेकल भिजवण्याआधी लाखेचा संरक्षक थर द्यावा लागत नाही आणि डेकल पातळ राहते. हा पातळपणा फार मोलाचा आहे, कारण फिल्मची कड इपॉक्सीत पूर्ण बुडाली तरच डेकल रॉडवर छापल्यासारखी दिसते. कड जाड असेल तर प्रकाशात तिची रेघ चमकत राहते आणि ती झाकण्यासाठी इपॉक्सीचे जादा थर द्यावे लागतात. दुसरा फायदा म्हणजे भुकटी वाळत नाही. तीन महिने बंद असलेला लेझर प्रिंटर सुरू केल्यावर पहिलेच पान नीट येते.

शाईच्या प्रिंटरची अडचण नेमकी इथे आहे. तो अधूनमधूनच वापरला तर शाई वाळून सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि ती साफ करण्यातच पुष्कळ शाई जाते. तरीही घरी शाईचा प्रिंटर आधीपासून असेल आणि नियमित वापरात असेल, तर तो टाकाऊ समजू नये. रंगांच्या सूक्ष्म छटा, माशाचे चित्र, उन्हाळी आकाशासारखा उतरत जाणारा रंग अशा गोष्टी तो घरगुती रंगीत लेझर प्रिंटरपेक्षा सहसा अधिक मऊपणे छापतो. लेझर प्रिंटर फिकट छटा ठिपक्यांच्या जाळीने दाखवतो आणि छोट्या डेकलमध्ये ती जाळी डोळ्यांना खुपते.

शाईचा प्रिंटर निवडायचा असेल तर रंगद्रव्याची (पिगमेंट) शाई, म्हणजे रंगाचे न विरघळलेले बारीक कण असलेली शाई, वापरणारा पाहावा. विरघळलेल्या रंगाची (डाय) शाई दिसायला तजेलदार असते, पण उन्हात लवकर उडते, आणि रॉडचा दिवस उन्हातच जातो. इथे एक बारकावा आहे. अनेक घरगुती प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई रंगद्रव्याची असते आणि बाकीच्या तीन विरघळलेल्या रंगाच्या. अशा प्रिंटरला कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ असा सांगितला की तो रंगद्रव्याची काळी शाई बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतो. कागदावर हा काळा ठीक वाटतो. पारदर्शक फिल्मवर मात्र तो तपकिरी किंवा हिरवट दिसू शकतो. म्हणून प्रिंटर घेण्यापूर्वी चकचकीत कागदाच्या सेटिंगवर काळा कुठून येतो, हे माहितीपत्रकात पाहावे, किंवा त्या सेटिंगवर छापलेले अक्षर भिंगाखाली धरावे. कडेला निळे-किरमिजी ठिपके दिसले की उत्तर मिळाले.

शाईने छापलेली फिल्म पूर्ण वाळू द्यावी लागते, त्यानंतर स्वच्छ ॲक्रिलिक लाखेचे दोन-तीन हलके फवारे द्यावे लागतात. पहिला फवारा जड झाला तर शाई पसरते. लाख बसल्यावर डेकल कापताना छपाईच्या भोवती थोडी कोरी किनार राखावी, कारण शाई कडेपर्यंत असेल तर पाणी कापलेल्या कडेतून आत शिरते. हे सगळे जमते, फक्त वेळ आणि जाडी दोन्ही वाढतात.

आता बारकाईच्या मोजमापाकडे वळू. हँडलच्या पुढे ब्लँकचा व्यास १२ मिलिमीटर असेल तर परिघ ३७.७ मिलिमीटर होतो आणि एका बाजूने पाहताना त्याचा सुमारे तिसरा भागच सोयीने वाचता येतो. म्हणजे डेकलची उंची १० ते १२ मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. त्यात दोन ओळी बसवल्या तर दुसऱ्या ओळीतील अक्षरे जेमतेम २ मिलिमीटरची होतात. ६०० डीपीआयला एक ठिपका सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा असतो. अक्षराची सर्वांत बारीक रेघ ०.१ मिलिमीटर धरली तर ती दोन-अडीच ठिपक्यांत काढावी लागते, आणि देवनागरीतील वेलांटी, रफार, जोडाक्षरांचे गाठीसारखे भाग तेवढ्यात दातेरी होतात. १२०० डीपीआयला त्याच रेघेसाठी जवळपास पाच ठिपके मिळतात आणि वळणे गुळगुळीत येतात. फक्त जाहिरातीतील आकडा नीट वाचावा. ‘१२०० दर्जा’ अशा शब्दांत लिहिलेला आकडा बरेचदा ६०० डीपीआयच्या यंत्राने केलेली सफाई असते. ‘१२०० × १२००’ असा दोन्ही दिशांचा आकडा छपाईच्या तपशिलात दिलेला असावा. शाईच्या प्रिंटरवरील ४८०० सारखे मोठे आकडे थेंब कुठे पडू शकतो ते सांगतात, थेंब किती लहान आहे ते नाही, म्हणून त्यांची लेझरच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नये.

यानंतर कागदाची वाट तपासावी. डेकलचा कागद साध्या कागदापेक्षा जाड असतो आणि त्याला वळण सोसत नाही. तळाच्या ट्रेमधून निघून, रुळाभोवती उलटा फिरून वर येणाऱ्या मार्गात फिल्मला चिरा जाऊ शकतात किंवा कागद अडकतो. समोर किंवा मागे एकेक कागद देण्याची फट आणि विरुद्ध बाजूला उघडणारे दार असेल तर कागद जवळपास सरळ जातो; दोन प्रिंटर इतर बाबतीत सारखे असतील तर मी डोळे झाकून अशी वाट असलेला निवडेन. त्याच फटीतून कमीत कमी किती लहान कागद जातो तेही पाहावे. रॉडला लागते एक बोटभर पट्टी आणि कागद असतो ए४, त्यामुळे तो आधीच अर्धा कापून वापरता आला तर नासाडी टळते. एकदा फ्यूझरमधून गेलेला, डेकल कापून भोके पडलेला कागद लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नये. उचकटलेली फिल्म तापलेल्या रुळाला चिकटते.

याच कारणाने कागद आणि प्रिंटर यांची जोडी अचूक असावी लागते. शाईच्या प्रिंटरसाठी बनवलेल्या डेकल कागदावर शाई धरून ठेवणारा लेप असतो आणि तो उष्णता सोसण्यासाठी केलेला नसतो. असा कागद लेझरमध्ये गेला तर फिल्म वितळून फ्यूझर निकामी होऊ शकतो. उलट लेझरच्या फिल्मवर शाई मुरत नाही, ती थेंबाथेंबाने गोळा होते. लेझर प्रिंटरमध्ये जाड कागद किंवा लेबल असे सेटिंग उपलब्ध आहे का, हेही विचारावे. त्यात कागद संथ गतीने जातो, टोनर पुरेसा वितळतो आणि नखाने घासल्यावर सुटत नाही. टोनर वाचवण्याचे सेटिंग बंद करता यायला हवे.

काळ्या ब्लँकसाठी चार मार्ग आहेत आणि ते सारख्या योग्यतेचे नाहीत. पहिला मार्ग म्हणजे डेकलखाली फिकट पट्टा देणे: चांदीच्या किंवा फिकट रंगाचा धागा गुंडाळून त्यावर इपॉक्सीचा थर द्यावा आणि तो घट्ट झाल्यावर काळी डेकल बसवावी. धागा निवडताना सांभाळावे, कारण साधा नायलॉन धागा इपॉक्सीत भिजला की अर्धपारदर्शक होतो आणि खालचा काळा ब्लँक दिसू लागतो. रंग टिकवणारे द्रावण लावावे किंवा मुळातच रंग न बदलणारा धागा घ्यावा. दुसरा मार्ग टोनर फॉइलचा. लेझरने छापलेल्या काळ्या अक्षरांवर सोनेरी किंवा चंदेरी फॉइल ठेवून ते लॅमिनेटरमधून काढले की उष्णतेने टोनर पुन्हा मऊ होतो आणि फॉइल फक्त अक्षरांना चिकटते. काळ्या ब्लँकवर सोनेरी नाव हवे असेल तर घरच्या घरी एवढे सुंदर काम दुसऱ्या कशाने होत नाही, आणि त्यासाठी तोच साधा काळा लेझर पुरतो. तिसरा मार्ग पांढऱ्या फिल्मचा आहे. त्यात अक्षरे कोरी सोडून भोवतीचा सगळा भाग काळा छापतात, पण छापलेला काळा आणि ब्लँकचा काळा क्वचितच जुळतो आणि कापलेल्या कडेची पांढरी रेघ डोकावते. मला तो रुंद, चौकटीच्या डेकललाच योग्य वाटतो.

चौथा मार्ग खऱ्या पांढऱ्या छपाईचा. काही लेझर प्रिंटरसाठी काळ्या टोनरच्या जागी बसणारी पांढऱ्या टोनरची कार्ट्रिज मिळतात. प्रिंटर काळे समजून छापतो आणि उमटते पांढरे. हा विचार मनात असेल तर आधी कार्ट्रिज कोणत्या मॉडेलला बसते ते पाहावे आणि मगच प्रिंटर घ्यावा. ओकी कंपनीचे पांढरा टोनर मुळातच असलेले प्रिंटर व्यावसायिक कामासाठी आहेत. आकाराने आणि खर्चाने ते घरच्या हौसेला जड जातात. मेणासारख्या सुक्या रिबिनीने पांढरा आणि धातूचा रंग छापणारे आल्प्सचे प्रिंटर डेकल करणाऱ्यांत अजूनही नावाजलेले आहेत, पण त्यांचे उत्पादन बंद झाले आहे, रिबिनी शोधत फिरावे लागते आणि जुने यंत्र बिघडले तर दुरुस्ती कठीण. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्या मागे लागू नये.

वापरलेला लेझर प्रिंटर घ्यायला हरकत नाही, फक्त विकणाऱ्यासमोर एक पान छापून पाहावे. त्यावर २ मिलिमीटर उंचीची अक्षरे, एक भरीव काळा चौकोन आणि बरोबर १०० मिलिमीटरची रेघ असावी. पान उजेडासमोर धरल्यावर काळ्या चौकोनात टाचणीच्या टोकाएवढी पांढरी छिद्रे दिसली, किंवा ठरावीक अंतराने तोच डाग पुन्हा आला, तर टोनर संपत आलेला आहे किंवा ड्रम, म्हणजे टोनर कागदावर उमटवणारा रूळ, झिजला आहे. पारदर्शक फिल्मवर अशी छिद्रे कागदावरच्यापेक्षा ठळक दिसतात. रेघ पट्टीने मोजावी. ती कमी भरली तर ‘पानात बसवा’ हे सेटिंग बंद करून १०० टक्के आकारात पुन्हा छापावे.

प्रिंटर घरी आल्यावर पहिली डेकल चांगल्या रॉडवर बसवू नये. मोडक्या ब्लँकचा तुकडा घेऊन त्यावर इपॉक्सीचा पातळ थर द्यावा, तो पूर्ण घट्ट झाल्यावर डेकल सरकवून बसवावी आणि मऊ कापडाने मधून कडेकडे दाबत खालचे पाणी व हवा काढावी. हवा राहिली तर फिल्मखाली चंदेरी धुके दिसते. रात्रभर वाळल्यावर वर इपॉक्सी लावून तुकडा तो घट्ट होईपर्यंत फिरवत ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो उन्हात तिरपा धरून तीन गोष्टी पाहाव्यात: फिल्मची कड दिसते का, काळ्या अक्षरांची धार शाबूत आहे का आणि इपॉक्सीने रंग ओढला आहे का. कड दिसत असेल तर अधिक पातळ फिल्मचा कागद शोधावा, प्रिंटर बदलण्याची गरज नाही. धार पसरली असेल तर शाईच्या प्रिंटरवर लाखेचा थर कमी पडला आणि लेझरवर जाड कागदाचे सेटिंग लावायचे राहिले, असे बहुतेक वेळा आढळते.