ब्रश कटर सुरू होत नाही? आधी पेट्रोल बघा, आणि या चुका टाळा

ब्रश कटर म्हणजे गवत-झुडपं कापायचं पेट्रोलवरचं यंत्र. ते सुरू होईना की हात पहिल्यांदा स्पार्क प्लगकडे जातो. प्लग काढायचा, घासायचा, परत बसवायचा आणि खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढत राहायचं. माझं ऐका, त्याआधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढा आणि उघड्यावर, आगीपासून लांब, उजेडात धरून बघा. काळपट रंग आणि जुन्या व्हार्निशसारखा वास आला तर पेट्रोल शिळं झालंय. तळाशी वेगळा थर दिसला तर त्यात पाणी आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, त्या मिश्रणाला ऑइलचा रंग असतो, तिथे वास आणि थर यांवरच भरवसा ठेवा.

मागच्या हंगामाचं उरलेलं पेट्रोल वापरणं, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. साधारण महिनाभरात पेट्रोल उतरायला लागतं. थंड इंजिनात चटकन पेट घेणारे हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट गोंद होतो. कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) पेट्रोल ज्यातून येतं त्या जेटचं भोक इतकं बारीक असतं की त्या गोंदाचा पातळ थरही पुरतो. मग इंजिन फक्त चोकवर चालतं, चोक काढला की बंद पडतं, नाहीतर त्याचा आवाज सारखा वर-खाली होत राहतो. शिळं पेट्रोल ताज्यात मिसळून संपवू नका. स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं द्रव्य) वापरायचा तर तो ताज्या पेट्रोलमध्येच घाला आणि इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. शिळ्या पेट्रोलला तो ताजं करत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तिथूनच ओढते. रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा (डायफ्रॅम) कडक होतात, धातूचे भाग गंजतात. बहुतेक लहान इंजिनांना उत्पादक 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. पंपावर काय मिळतंय ते विचारा आणि यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून बघा. त्याहून जास्त इथेनॉल असेल तर लागेल तेवढंच पेट्रोल आणा आणि काम झालं की टाकी रिकामी करा.

आता टू-स्ट्रोकचं मिश्रण. इथे अंदाजपंचे काम नको, मापाचं भांडंच हवं. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, 40:1 म्हणजे 25 आणि 25:1 म्हणजे 40. ऑइल कमी पडलं तर पिस्टन ओरखडतो आणि शेवटी जाम होतो, आणि हा खर्च मोठा असतो. म्हणून काही जण मुद्दाम जास्त ओततात, तेही चूकच. प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो, आणि जास्तीच्या ऑइलने पेट्रोलची जागा घेतल्यामुळे उलट मिश्रणातलं इंधनच कमी होतं. ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचंच घ्या, जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा एक जपानी दर्जा) मिळालं तर उत्तम. गाडीचं इंजिन ऑइल किंवा बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू 3 दर्जाचं ऑइल इथे चालत नाही. मिश्रण कॅनमध्ये करून हलवा, थेट टाकीत नको.

फोर-स्ट्रोक मोवरमध्ये (गवत कापायच्या ढकलगाडीत) मात्र ऑइल वेगळं भरायचं असतं, पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं. घरात दोन्ही प्रकारची यंत्रं असतील तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन ठेवा आणि मिश्रणाच्या कॅनवर प्रमाण आणि तारीख लिहा. चुकून टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल पडलं तर दोरीला हात न लावता टाकी रिकामी करा.

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल? पुस्तिकेत मागितलं नसेल तर त्याने ताकद वाढत नाही.

कॅन भरताना तो जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. आणि मध्येच टाकी संपली तर इंजिन गार होईपर्यंत थांबा. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल क्षणात पेटू शकतं.